परत करायची मुदत सात दिवस, दोष दिसतो साठाव्या दिवशी

ऑनलाइन घ्यावं की सांगलीच्या गणपती पेठेतल्या दुकानातून, हा वाद आपल्याकडे घराघरांत चालतो. पोरं म्हणतात ऑनलाइन स्वस्त, वडीलधारी म्हणतात माणूस ओळखीचा बरा. दोघांचंही काही प्रमाणात बरोबर आहे, पण वस्तू कोणती हे न ठरवता केलेला हा वाद वाया जातो. माझं मत असं : खरेदी करण्याआधी एकच गोष्ट विचारावी. या वस्तूत खोट निघाली तर ती मला कधी कळेल? पाकीट उघडल्याबरोबर, दोन महिन्यांनी, की कधीच नाही? किंमत, सोय आणि भरवसा यांतल्या कशाला किती वजन द्यायचं ते या उत्तरावरून ठरतं.

शर्ट, चादर, वही, पुस्तक, प्लास्टिकचे डबे यांची खोट घरात आल्या आल्या दिसते. रंग वेगळा, माप चुकलं, शिवण उसवली. सात दिवसांत परत पाठवता येतं. इथे किंमत बघा आणि खुशाल ऑनलाइन मागवा. फक्त आधी एक तपासा : तुमच्या पिनकोडवरून माल परत न्यायला माणूस येतो का? जत, आटपाडी, शिराळा भागातल्या बऱ्याच गावांना ही अडचण माहीत असेल. माल घरपोच येतो, पण परत करायची वेळ आली की ‘या पिनकोडला पिकअप उपलब्ध नाही, स्वतः कुरिअर करा’ असं उत्तर मिळतं. तीनशे रुपयांच्या टॉपसाठी तालुक्याला जाऊन कुरिअर कोण करणार? ती रक्कम मग बुडीतच धरायची.

आता मिक्सर घ्या, म्हणजे दुसरा प्रकार कळेल. ७५० वॅटचा एक मिक्सर ॲपवर ३,२०० रुपयांना आहे आणि दुकानात ३,६०० ला, असं धरू. चारशे रुपये थोडे नव्हेत. पण पहिल्या सात दिवसांत मिक्सरवर होतं काय? शेंगदाण्याचा कूट, खोबऱ्याची चटणी. त्यात मोटरचा कस लागत नाही. तो लागतो इडलीची डाळ वाटताना, सुक्या मिरच्या बारीक करताना. दोष उघडे पडतात ते तेव्हा, आणि बहुतेक वेळा ठरलेल्याच ठिकाणी. भांड्याच्या तळाचा बुश झिजला की खालून काळसर पाणी पाझरतं. कपलरचे, म्हणजे भांडं आणि मोटर जोडणाऱ्या चकतीचे, दात झिजले की मोटर फिरते आणि पातं जागचं हलत नाही. मोटरला वीज पोचवणारे कार्बन संपत आले की आतून ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो. मिक्सर एकदम बंद पडला, तर आधी उलटा करून खालचं लाल बटण दाबून पाहा. बोजा जास्त झाला म्हणून ते सुटलेलं असतं, मोटर जळालेली नसते. मशीनच्या पट्टीवर ‘पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद’ अशी सूचना असते. ती कोणी वाचत नाही, आणि सलग दहा मिनिटं डाळ वाटली जाते.

यातल्या एकाही दोषाला सात दिवसांची मुदत कामाची नाही. तिथे वॉरंटी लागते, म्हणजेच सर्व्हिस सेंटर लागतं. ‘मोटरवर पाच वर्षं’ हे मोठ्या अक्षरांत असतं, पण भांडी, कपलर, बुश आणि कार्बन बहुतेक वेळा त्यात धरलेले नसतात, आणि झिजतात ते हेच. म्हणून ऑर्डर देण्याआधी कंपनीच्या स्वतःच्या साइटवर आपला पिनकोड टाकून सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते बघावं. विश्रामबागेत किंवा मिरजेत असेल तर ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. कोल्हापूर दाखवत असेल, तर मिक्सर पिशवीत घालून एसटीने दोन हेलपाटे, एकदा द्यायला आणि एकदा आणायला. वाचलेले चारशे रुपये तिथेच संपले, दिवस गेला तो वेगळाच. दुकानदार कपलर शंभरेक रुपयांत उभ्या उभ्या बदलून देत असेल, तर त्याचे चारशे रुपये महाग नाहीत.

घ्यायचाच ठरला तर विकणारा कोण ते बघा. ॲपचं नाव मोठं असतं, विक्रेता वेगळाच असतो, आणि त्याचं नाव किमतीच्या खाली बारीक अक्षरांत असतं. काही कंपन्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालालाच वॉरंटी देतात. पूर्ण मॉडेल नंबर जुळवा. ऑनलाइनसाठी वेगळं मॉडेल काढलेलं असतं, दिसायला तेच, नंबरात एखादं अक्षर वेगळं. मग दोन किमतींची तुलना करण्यात अर्थ राहत नाही. मिक्सरवर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का, ते दिसतं. चार्जर आणि पॉवर बँकेवर ‘आर’ आणि पुढे आठ आकडे असतात, तेही तिथेच तपासता येतात. हेल्मेटच्या बाबतीत मात्र दोन-तीनशे रुपयांच्या फरकाकडे बघूच नये. त्याची खोट डोकं रस्त्यावर आपटल्यावरच कळते.

दुकानदारांची बाजू घेतोय असं वाटत असेल तर पुढचं वाचा. ‘बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल’ असं म्हणणाऱ्या दुकानातला भरवसा कवडीमोलाचा आहे. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही आणि तक्रारही नाही. भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावून सदोष मालाला नकार देता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे. ओळखीचा दुकानदार चांगला, पण पक्क्या बिलासकट.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण खोट कधीच दिसत नाही. हळद पूड घ्या. आपण हळदीच्या गावचे लोक. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, आपल्याला माहीत, मार्केट यार्डातले सौदे माहीत, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हेही माहीत. आणि तरी घरात येते ती ॲपवरच्या सवलतीतली, कुठे दळली त्याचा पत्ता नसलेली पूड. तिच्यात मेटॅनिल यलो हा रंग किंवा लेड क्रोमेट असलं तर भाजीच्या चवीवरून ओळखू येत नाही. लेड क्रोमेटमधलं शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. रिव्ह्यू इथे काही कामाचे नाहीत, कारण ‘रंग मस्त आला’ म्हणून पाच तारे देणारा माणूस कदाचित त्या भेसळीलाच तारे देत असतो.

घरी करण्यासारखी एक ढोबळ तपासणी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर पूड वरून सोडा, ढवळू नका. चांगली हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते. रंग घातलेली असेल तर पाणी लगेच गडद पिवळं होतं. यात पास झाली म्हणून हळद शुद्धच आहे असं मात्र म्हणता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. माझ्या मते सांगलीत राहून पूड मागवूच नये. हळकुंड घ्यावं, मोडून आतला गडद केशरी-पिवळा रंग बघावा, ओल्या तळव्यावर घासून वरचा रंग सुटतो का ते पाहावं आणि गिरणीत दळून आणावं. भडक पिवळं, चकचकीत पॉलिश केलेलं हळकुंड दिसलं की सावध व्हावं. पूड मागवण्यावाचून इलाजच नसेल तर ॲगमार्क हे शेतमालाच्या प्रतीचं सरकारी चिन्ह बघा आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक तपासा. पहिला आकडा १ म्हणजे परवाना, २ म्हणजे लहान व्यावसायिकाची नोंदणी, पुढचे दोन राज्याचे. महाराष्ट्राचे १५. ‘सांगलीची अस्सल हळद’ असं लिहिलंय आणि उत्पादकाचा पत्ता दुसऱ्याच राज्यातला असेल तर दळणारा तिकडचा आहे एवढं तरी कळतं.

बेदाण्याचंही असंच. तासगावच्या शेडवर द्राक्षं बुडवतात त्या द्रावणात एका लिटर पाण्याला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट असतं. त्याने सालीवरचा मेणचट थर सुटतो आणि माल पंधरवड्याच्या आत जाळीवर वाळतो. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा निघतो, त्यामुळे द्राक्षाचा भाव बघून बेदाण्याचा अंदाज बांधता येतो. बाजारापेक्षा फारच खालचा भाव दिसला तर माल जुना, काडीचा किंवा साखर धरलेला असायची शक्यता जास्त. फोटोतला हिरवा रंग हा दिव्याचाही असू शकतो. सोनेरी पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते. पाकिटावर सल्फर डायऑक्साइड किंवा २२० हा आकडा लिहिलेला असतो, दम्याच्या रुग्णांनी तो जरूर वाचावा. खाण्याचा माल पोचेल तेव्हा त्याच्या मुदतीतला किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने ऑनलाइन कंपन्यांना सांगितलेलं आहे. पाकीट आल्यावर तारीख बघायला विसरू नका.

बागायतदारांनी औषधं आणि बियाणं घेताना हाच हिशेब आणखी कडक लावावा. छाटणीनंतर मारलेलं औषध बोगस निघालं तर ते कळेपर्यंत हंगाम हातचा गेलेला असतो. परवानाधारक विक्रेता, बिलावर बॅच नंबर आणि मुदत, यांशिवाय घेऊच नये. बियाण्याची पिशवी, टॅग आणि थोडं बी राखून ठेवावं, म्हणजे तालुका कृषी कार्यालयात दाखवायला हातात काहीतरी असतं.

किमतीबद्दल. ‘७० टक्के सूट’ हा आकडा बघूच नका, कारण ती सूट एमआरपीवर असते आणि एमआरपी छापणाऱ्याच्या हातात असते. ग्रॅमचा किंवा किलोचा भाव बघा, हल्ली तो पाकिटावर छापलेला असतो. मोठं पाकीट दर ग्रॅमला महाग असल्याची उदाहरणं भरपूर सापडतील. शेवटच्या पानावर प्लॅटफॉर्म फी, हाताळणी, डिलिव्हरी मिळून किती झालं ते बघून मगच दुकानाशी तुलना करा. न मागता टोपलीत टाकलेला विमा किंवा देणगी काढून टाका. ‘फक्त दोन शिल्लक’ हे खोटंच दाखवणं आणि असे छुपे प्रकार ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांनी मना केले आहेत, तरी ते दिसतात.

‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताय तर गणित मांडा. १२,००० रुपयांची वस्तू, सहा हप्ते, दरमहा २,०००. बँक वर्षाला १५ टक्के लावत असेल तर व्याज साधारण ५०८ रुपये होतं आणि तेवढी सूट आधी दिली जाते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९१ रुपये, तुमच्याकडून जातो. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर करासकट २३५. एकूण सव्वातीनशे. दुकानदार रोखीवर तेवढे कमी करायला तयार असेल तर हिशेब तिथेच फिरला.

माल घेताना घाई करू नका. ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तर डिलिव्हरीच्या पोराने खोका उघडून दाखवेपर्यंत ओटीपी सांगू नका. एकदा ओटीपी दिला की नोंदीत माल बरोबर मिळाला. बंद खोका आला तर व्हिडिओ एका दमात काढा : आधी लेबलची बाजू, मग सगळ्या कडांच्या चिकटपट्ट्या, मग कापणं, मग आतला सीरियल नंबर. मध्ये थांबवून जोडलेल्या व्हिडिओला तक्रारीत किंमत राहत नाही. घरात न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल आलं आणि आजी एकट्याच असल्या, तर पैसे देऊ नयेत एवढं घरच्यांना सांगून ठेवा. पैसे अडकले म्हणून गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, ॲपच्या आतल्या मदतीतूनच बोला. पैसे परत घ्यायला यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन मागणारा चोर आहे. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

वस्तू सदोष, नकली, वर्णनाशी न जुळणारी किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आलेली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. नाही लावला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथेही सुटलं नाही तर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. सोबत बिल, व्हिडिओ आणि ज्या पानावरून ऑर्डर दिली त्याचा स्क्रीनशॉट जोडा. हा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढून ठेवा, कारण तक्रार गेल्यावर विक्रेता पानावरचं वर्णन बदलू शकतो.