जबड्याचं घराणं

आमच्या लेकीचे वरचे दात पुढे आहेत, हे घरात सगळ्यांना कधीचं माहीत होतं. ती सातवीत गेल्यावर त्याचं काहीतरी करायला हवं असं ठरलं. आमच्याकडे कुठलंही काम दोषी कोण हे ठरल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे डॉक्टर शोधण्याआधी दात कुणाकडून आले याची चौकशी बसली.

"आमच्याकडे कुणाचेच दात असे नाहीत," आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. बायकोने ते डोंबिवलीला कळवलं. सासूबाईंनी रात्री मला फोन करून अतिशय मऊ आवाजात विचारलं, "जावईबापू, तुमच्या त्या नाशिकच्या आत्याबाई फोटोत नेहमी पदर तोंडाशी का हो धरतात?" मग दोन्हीकडचे अल्बम निघाले. मुंज, बारसं, साखरपुडा, सगळ्यांतले दात तपासून झाले. माझ्या आजोबांच्या मिशीबद्दलही शंका घेतली गेली.

दवाखान्यांची ठाण्यात वाण नाही. राम मारुती रोडवर गाडी लावायला जागा मिळत नाही, दाताचा डॉक्टर मात्र लगेच मिळतो. पहिल्या डॉक्टरांनी आत डोकावून सांगितलं, "चार दात काढू, तारा लावू, दीड-दोन वर्षांत काम फत्ते." लेक माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी तिला विकायलाच आणलंय.

तिथून आम्ही घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये. तिथे फुकट स्कॅन होतं. फुकट म्हटल्यावर बायकोने माझंही करून घ्यायला लावलं. पडद्यावर लेकीचे दात झुलत झुलत मागे गेले आणि शिस्तीत उभे राहिले. तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे, म्हणजे अलाइनर, कुणाला दिसणार नाहीत, हवे तेव्हा काढा, मासिक हप्त्यांची सोय. फक्त दिवसाचे बावीस तास घालायचे. आमची लेक दर आठवड्याला एक पट्टी, एक खोडरबर आणि महिन्याला एक डबा हरवते. डोळ्यांना न दिसणारी, लाखाच्या घरातली वस्तू तिच्या स्वाधीन करायची कल्पना मला झेपली नाही.

आणखी एका ठिकाणी सांगितलं की अठराव्या वर्षापर्यंत थांबा आणि जबड्याची शस्त्रक्रियाच करा. सोसायटीतले रेल्वेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, रोज रात्री झोपताना अंगठ्याने दात आत दाबा, आमच्या वेळी असंच करायचे. त्यांचे स्वतःचे दात कवळीचे आहेत.

पाचपाखाडीतल्या डॉक्टरबाईंकडे गेलो तोवर मी इतका शहाणा झालो होतो की आत शिरताच विचारलं, "मेटल, सिरॅमिक की अलाइनर?" त्या बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त दात-जबडे जुळवण्याचंच शिकलेल्या, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट. त्यांनी मला उत्तरच दिलं नाही. लेकीला तोंड मिटायला सांगितलं, खिडकीपाशी आडवं उभं केलं आणि आम्हाला म्हणाल्या, "हिला बाजूने कधी नीट बघितलंय?"

नव्हतं बघितलं. बारा वर्षं समोरूनच बघत होतो.

मग एक्स-रे. एक पूर्ण बत्तिशीचा ओपीजी आणि एक डोक्याचा बाजूने, सेफॅलोग्राम. दुसऱ्यात डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांत दांड्या बसवतात. लेक त्यात अशी उभी होती की शाळेच्या शिक्षा तिला त्यानंतर सौम्य वाटू लागल्या. ही पद्धत 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी वेगवेगळी मांडली. एकाच वर्षी दोन देशांत लोकांच्या कानांत दांड्या घालायचं सुचावं, हा योगायोग मला अजून अस्वस्थ करतो.

डॉक्टरबाईंनी त्या चित्रावर रेघा मारल्या आणि कोन मोजले. वरचा जबडा आणि खालचा जबडा यांच्यातला कोन साधारण 2 अंश असावा, आमचा 6. "क्लास टू," त्या म्हणाल्या. एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन माणसाने 1899 मध्ये दाढा एकमेकींवर कशा बसतात यावरून तीन वर्ग पाडले, ते अजून चालतात. आईने घरी हे ऐकून विचारलं, "मग क्लास वनसाठी काय करावं लागेल?"

पण खरी बातमी पुढे होती. वरचा जबडा जागेवरच होता. खालचाच मागे राहिला होता. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्या दातांना नावं ठेवली ते बिचारे बऱ्यापैकी निर्दोष, आणि गुन्हेगार खाली गुपचूप बसलेला. "वरचे दात काढून मागे ओढले, तर मागे राहिलेल्या जबड्याला जोडीदार मिळेल एवढंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. दात काढणं सरसकट चूक नाही, जागाच नसेल तर काढावेच लागतात. हिला जागा होती. त्याच एक्स-रेत मानेचे मणके दाखवून त्यांनी सांगितलं की अजून वाढ शिल्लक आहे, आणि मुलींची वाढ मुलांपेक्षा लवकर आटोपते. म्हणून आत्ताच ट्विन ब्लॉक.

म्हणजे वर एक आणि खाली एक प्लेट, दोन्हींवर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की खालचा जबडा त्या उतारावरून पुढे यावाच लागतो, लोकलच्या दारातल्या माणसाला दादरला मागचे पुढे नेतात तसा. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी हे 1977 मध्ये पहिल्यांदा बसवलं, एका सहकारी दंतवैद्याच्या, पडून पुढचा दात दुखावलेल्या मुलाला. "सगळा बदल हाडात होतो असं नाही हं," डॉक्टरबाईंनी बजावलं, "थोडं हाड, बरेचसे दात. नंतर ताराही लागतील, आणि तारा निघाल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून रिटेनर." मॉलमधल्या पडद्यावर असलं काही नव्हतं.

आता लेक जेवतानाही ते घालून असते. सुरुवातीला लाळ गळायची आणि 'स'चा 'श' व्हायचा. संस्कृतच्या तोंडी परीक्षेत बाईंनी दोन श्लोकांनंतर हात जोडले. उच्चार केव्हाच सुधारलेत, पण शाळेत तिने हे कुणाला सांगितलेलं नाही.

घराण्याचा प्रश्न मात्र लटकलेलाच होता. तो बायकोने परवा डॉक्टरबाईंसमोरच काढला, "हे आनुवंशिक असतं का हो?" त्या म्हणाल्या, बरेचदा असतं, आणि बोलता बोलता माझ्याकडे वळल्या. मग थोडं वाकून बाजूने पाहिलं.

"दाढी कधीपासून ठेवता?"

"कॉलेजपासून," मी म्हणालो.

"छान दिसते. हनुवटी झाकली जाते."

खोलीत बायको इतकी शांत झाली की मला घाम फुटला. "लग्नात दाढी होती," ती हळूच म्हणाली. "बघायला आला होतास तेव्हाही होती." तिने तिथल्या तिथे डोंबिवलीला मेसेज टाकला. मी विषय बदलायला विचारलं, माझ्या वयात ट्विन ब्लॉक चालतो का? नाही. वाढ संपली की हाड पुढे नेता येत नाही, कापूनच पुढे सरकवायचं, प्लेटा आणि स्क्रूंनी जोडायचं, आधी तारा, नंतरही तारा, आणि काही दिवस पातळ जेवण.

"आणि बोलणं?" बायकोने विचारलं.

"सुरुवातीला फार बोलता येत नाही."

"खर्च किती येतो हो साधारण?" असं म्हणून तिने पर्समधून पेन काढलं.