लाईव्ह आहेस तर मॅचच्या आधी सांग ना

बीजीएमआय, व्हॅलोरंटसारखे ऑनलाइन गेम यूट्यूबवर लाईव्ह दाखवणाऱ्या, म्हणजे स्ट्रीम करणाऱ्या आपल्या सगळ्या मराठी पोरापोरींना एक गोष्ट मनापासून सांगायचीये. लाईव्ह जायचं तुम्ही ठरवता, टीममधले बाकीचे फक्त मॅच खेळायला आलेले असतात. त्यामुळे लॉबीतच, म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधी टीम जमते तिथेच, "मी यूट्यूबला लाईव्ह आहे, तुमचा आवाज जातोय, चालेल ना?" एवढं विचारलंच पाहिजे, आणि समोरचा नको म्हणाला तर त्याचा आवाज बंद करायचा, विषय संपला.

लग्नात व्हिडिओवाला लाइट घेऊन आला की सगळ्यांना दिसतो, ज्याला नकोय तो बाजूला सरकतो. लॉबीत असं काहीच दिसत नाही, मग रँडम टीममेटला, म्हणजे गेमनेच जोडून दिलेल्या अनोळखी खेळाडूला, कळणार कसं की त्याचं बोलणं अजून शेकडो लोक ऐकतायत?

काहीजण म्हणतात की अनोळखी लोकांशी बोलतोय म्हणजे ते पब्लिकच झालं ना. अजिबात नाही. टीममधले अनोळखी लोक अर्ध्या तासात मॅच संपली की तुम्हाला विसरतात, स्ट्रीम मात्र चॅनलवर पडून राहते, कोणीतरी त्यातला तुकडा कापून शॉर्ट बनवतं आणि तो कुठेकुठे फिरतो ते कुणाच्याच हातात राहत नाही.

आणि आपल्याकडची घरं डोळ्यासमोर आणा जरा. किती पोरांना स्वतःची वेगळी खोली असते? वन आरकेत, चाळीत, हॉस्टेलच्या रूमवर बसून खेळतात, माईक ओपन असतो, मागे आई फोनवर सिलिंडरवाल्याला पत्ता सांगतेय, बाबा डिलिव्हरीवाल्याला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतायत, बहिणीचा क्लास किती वाजता सुटतो त्यावर बोलणं चाललंय, हे सगळं जसंच्या तसं बाहेर जातं. त्या पोराला विचारलं नाही हे तर आहेच, पण त्याच्या आईला कुणी विचारलं? तिला तर लाईव्ह म्हणजे काय चाललंय याचा पत्ताही नसतो. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो.

मुलीचा आवाज आला की काय होतं ते तर सगळ्यांनी पाहिलंय. चॅट धावायला लागतं, "आयडी दे", "इन्स्टा काय", आणि स्ट्रीमर ते थांबवायचं सोडून तिचं नाव मोठ्याने वाचतो कारण व्ह्यूज वाढतायत. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुली चांगल्या खेळतात पण माईक कधीच ऑन करत नाहीत, त्याचं कारण हे आहे. तुमच्या चॅटमध्ये काय लिहिलं जातं ती जबाबदारी तुमची आहे, चॅटवर लक्ष ठेवायला मॉडरेटर नेमा, ब्लॉक करा.

लहान मुलांचं तर अजून अवघड. यूट्यूबने 22 जुलै 2025 पासून एकट्याने लाईव्ह जायचं किमान वय 13 वरून 16 केलं, पण ते चॅनलवाल्यासाठी. रँडममध्ये आलेला टीममेट बारा वर्षांचा असेल तर ते कोण बघतं? बीजीएमआयमध्ये 18 च्या आतल्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा आहे, म्हणजे लहान मुलं खेळतात हे गेमवाल्यांनाही माहितीये.

"एवढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी. 28 डिसेंबर 2017, अमेरिकेतलं विचिटा शहर. कॉल ऑफ ड्यूटी या गेमच्या मॅचमध्ये दीड डॉलरच्या पैजेवरून दोघांचं वाजलं, एकाने दुसऱ्याला आपला म्हणून भलताच पत्ता दिला, मग तिसऱ्याच माणसाने पोलिसांना खोटा फोन केला की त्या घरात खून झालाय आणि लोकांना ओलीस धरलंय. दारात आलेल्या 28 वर्षांच्या माणसाला पोलिसांची गोळी लागून तो गेला. तो ती मॅच खेळतही नव्हता. खोटा फोन करणाऱ्याला 2019 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. हे स्ट्रीमवरून झालेलं नाही आणि आपल्याकडे पोलीस असे येतही नाहीत, पण गेममधला राग कुणाच्या घरापर्यंत जायला एक पत्ता पुरतो, आणि तो पत्ता तुमच्या स्ट्रीमवर कुणाचीतरी आई सांगत असते.

करायला फार काही लागत नाही. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गेमचा आणि डिस्कॉर्डचा (खेळताना बोलायचं कॉलिंग अ‍ॅप) आवाज वेगळा पकडता येतो, कॉलवरच्यांचा आवाज स्ट्रीमपुरता म्यूट ठेवा. डिस्कॉर्डला खासगी माहिती लपवणारा स्ट्रीमर मोड आहे, व्हॅलोरंटमध्ये पार्टीबाहेरच्यांची नावं लपवायची सेटिंग आहे. फोनवरून स्ट्रीम करत असाल तर नोटिफिकेशन बंद, नाहीतर बँकेचे मेसेज सगळ्यांना दिसतात.

आणि नंतर कुणी येऊन म्हणालं की माझा आवाज काढ, तर वाद घालत बसू नका. यूट्यूबच्या प्रायव्हसीच्या नियमात आवाजही धरलेला आहे, तो तक्रार करू शकतो, पण मुळात एका टीममेटवर तक्रार करायची वेळ का यावी? तेवढा भाग कापा, त्याला मेसेज करून सांगा.

मी आता लॉबीत स्वतःच विचारते, कोणी लाईव्ह आहे का. हो म्हणाले तर माईक बंद ठेवून पिंगवर, म्हणजे न बोलता गेममधल्या खुणा टाकून, खेळते, आणि मधेच कळलं की आपण न सांगता स्ट्रीमवर आहोत तर मॅच सोडून देते, रँक गेला तरी चालेल.