पाच विरुद्ध तीन? पण ते पाच उभे कुठे असतात?

फुटबॉलचा मोठा सामना दोन-चार दिवसांवर आला की एक मजकूर हटकून फिरू लागतो. एका बाजूला 3-5-2 (मागे तीन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, मधल्या फळीत पाच, पुढे दोन), दुसऱ्या बाजूला 4-3-3 आणि खाली निष्कर्ष: ‘मधल्या फळीत पाच विरुद्ध तीन, म्हणजे चेंडू यांच्याकडेच. तीन सेंटर-बॅक, म्हणजे खेळ बचावाचा. आकडे बघा, निकाल आधीच कळतो.’ या खेळावर जीव असलेली माणसंच तो पुढे पाठवतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी ते ‘पाच’ बघू. त्यातले दोघे विंग-बॅक, म्हणजे कडेने बचाव आणि चढाई दोन्ही करणारे. त्यांची जागा मध्यात नसते, कडेच्या रेषेलगत असते. समोरचे विंगर, म्हणजे कडेचे आक्रमक, पुढे आणि रुंद उभे राहिले की या दोघांना मागे यावंच लागतं. मग 3-5-2 चं 5-3-2 होतं आणि मध्यात उरतात तीनास तीन.

11 जुलै 2021 रोजी लंडनच्या वेम्बलीवर झालेला युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आठवा. इंग्लंडकडे तीन सेंटर-बॅक आणि दोन विंग-बॅक, इटली 4-3-3. दुसऱ्याच मिनिटाला उजव्या विंग-बॅक ट्रिपियरने क्रॉस टाकला आणि डावा विंग-बॅक ल्यूक शॉ दूरच्या खांबापाशी मोकळा येऊन गोल करून गेला. इथवर मजकुरातलं गणित बरोबर वाटतं. पण उत्तरार्धात इटलीचे प्रशिक्षक मान्चिनी यांनी स्ट्रायकर इम्मोबिलेला बाहेर काढलं, बेरार्दीला आत आणलं आणि विंगर इन्सिन्येला मध्ये घेतलं. इन्सिन्ये पुढे थांबेना, खाली उतरून चेंडू मागू लागला. आता इंग्लंडच्या तीन सेंटर-बॅकनी धरायचं कुणाला? त्याच्यामागे जायचं तर पाठीमागे खिंडार, न जायचं तर मध्यात इटलीचा एक माणूस जास्त. इंग्लंड मागे मागे सरकत गेलं. 67 व्या मिनिटाला कॉर्नरवरच्या गर्दीतून बोनुच्चीने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर इटली 3-2 ने जिंकली. बरोबरी होईपर्यंत रचनेचे आकडे दोन्ही बाजूंनी जवळपास तेच राहिले होते. बदललं ते एवढंच, की कुणाची गाठ कुणाशी पडते.

तीन सेंटर-बॅक म्हणजे बचावाचा खेळ, हा दावा तर लवकर निकालात निघतो. सप्टेंबर 2016 मध्ये आर्सेनलकडून 0-3 हरल्यावर प्रशिक्षक कॉन्तेंनी चेल्सी या इंग्लिश क्लबला 3-4-3 वर नेलं. त्यानंतर चेल्सीने प्रीमियर लीगमध्ये सलग 13 सामने जिंकले आणि 85 गोल करून विजेतेपद मिळवलं.

आणि आकडे सारखेच असतील तर? 8 जुलै 2014 रोजी बेलो होरिझोन्तेत विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ब्राझील आणि जर्मनी या दोघांची रचना अनेकांनी 4-2-3-1 अशीच मांडली होती. जर्मनी 7-1 ने जिंकली. त्यांचे चार गोल 23 ते 29 या मिनिटांत झाले. त्यातल्या एका गोलाआधी जर्मनीच्या क्रोसने ब्राझीलच्या फर्नांदिन्योच्या पायातूनच चेंडू काढून घेतला होता. बचावफळीपुढची ती जागा राखायची कुणी, हे ब्राझीलचं ठरलेलंच नव्हतं, असं माझं मत आहे.

आपल्या जवळचं उदाहरण मला यापेक्षा मोलाचं वाटतं. 13 मार्च 2021, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, कोविडमुळे गॅलऱ्या रिकाम्या. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या अंतिम फेरीत मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. मुंबईचा सगळा खेळ मधल्या फळीतल्या अहमद जाहूच्या पायातून सुरू व्हायचा. मोहन बागानच्या रॉय कृष्णाने नेमकं त्यालाच गाठलं, चेंडू हिसकावला आणि त्याचा साथीदार विल्यम्सने 18 व्या मिनिटाला गोल केला. अकरा मिनिटांनी त्याच जाहूला मान वर करायला उसंत मिळाली. त्याचा लांब पास अडवताना बागानचा बचावपटू तिरीच्या डोक्याला लागून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. 90 व्या मिनिटाला पुढे धावून आलेल्या बागानच्या गोलरक्षकाला चेंडू दूर करता आला नाही, मुंबईच्या ओगबेचेने तो बिपिन सिंगकडे दिला आणि मुंबई 2-1 ने विजेती ठरली.

यातले पहिले दोन्ही गोल एकाच प्रश्नावर ठरले: जाहूपाशी कोण आहे? येत्या सामन्याची संघयादी हातात आली की मी आधी हेच शोधणार आहे, की चेंडू बचावातून बाहेर काढणारा कोण, आणि त्याच्या अंगावर जायचं काम समोरच्या प्रशिक्षकाने कुणाला दिलंय.