तीन बिऱ्हाडे आणि एक फोल्डर

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला बारा दिवस उरले असताना घरातील ४१२ जुनी छायाचित्रे एका संगणकातून दुसऱ्यात नेण्याचे काम मी आपणहून अंगावर घेतले. मुलुंडच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर तेव्हा तीन संगणक मांडीला मांडी लावून बसले होते: माझा विंडोजचा, मुलीचा मॅक आणि भाच्याने उबुंटू हे लिनक्स घालून दिलेला एक म्हातारा लॅपटॉप. हा म्हातारा घरात टिकून होता तो स्कॅनरमुळे. त्या जुन्या स्कॅनरला नवे विंडोज ओळख दाखवायला तयार नव्हते. लिनक्सने मात्र काहीही न विचारता त्याला कामाला लावले. त्यामुळे छायाचित्रे म्हाताऱ्याच्या पोटात, चित्रफीत होणार मॅकवर आणि छपाई माझ्याकडे, अशी वाटणी झाली. पेनड्राइव्ह घेऊन हातभर अंतरात येरझाऱ्या घालणे मला कमीपणाचे वाटले.

नेटवर्कवर फायली देण्याघेण्याची विंडोजची बोली म्हणजे एसएमबी आणि ती लिनक्सला शिकवणारे सॉफ्टवेअर म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते १९९१-९२च्या सुमारास लिहायला घेतले. पहिले नाव दुसऱ्याच कोणाच्या मालकीचे निघाल्यामुळे, एस, एम आणि बी ही अक्षरे त्याच क्रमाने येणारे शब्द त्यांनी संगणकातल्या शब्दकोशात शोधले. त्या यादीत साल्मनबेरीही होते, यावरून आपण किती थोडक्यात बचावलो ते कळेल. आईला मात्र 'सांब' एवढेच ऐकू आले आणि तिने देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. पुढील दोन दिवसांत तेवढाच आधार उरला.

सांबा सुरू झाला, फोल्डर खुला केला. पण विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत म्हाताऱ्याचा मागमूस नव्हता. इंटरनेटवरील एका परोपकारी गृहस्थाने एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती चालू करण्याचा सल्ला दिला होता. मी तो अमलात आणणार, तोच मुलगी ओरडली, "बाबा, थांब! २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच दारातून घुसला होता." ते खरे होते. म्हणजे शेजाऱ्याच्या दारावर पाटी दिसत नाही म्हणून मी सगळ्या इमारतीचे कुलूप काढायला निघालो होतो. वास्तविक पाटी नसली तरी संगणकाचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता ठाऊक असेल तर थेट दार ठोठावता येते. फक्त विंडोजला पत्ता सांगताना रेघा डावीकडे कललेल्या लागतात आणि मॅकला उजवीकडे. एवढ्याशा कलण्यात माझे पाऊण तास गेले.

दार ठोठावले, तर पासवर्ड चुकीचा. ज्या पासवर्डने मी त्याच लॅपटॉपवर रोज आत जात होतो, तोच चुकीचा! सांबा स्वतःची पासवर्डांची वही वेगळी ठेवतो आणि तिच्यात आपले नाव निराळे नोंदवावे लागते, हे समजेपर्यंत रात्रीचे दीड वाजले होते.

आत गेल्यावर काही छायाचित्रांची नावे नागमोडी चिन्ह (~) आणि आकडे यांचा काला झालेली दिसली. माझ्या थोरल्या भावाने नावे देताना, जे नातेवाईक ओळखू आले नाहीत त्यांच्यापुढे प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह टाकले होते: 'बापूकाका?', 'ही नक्की सुमन?'. लिनक्सला ते चालते. विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह मुळीच खपत नाही. शेवटी घराण्यातील साऱ्या शंका मला एकेक करून पुसाव्या लागल्या आणि ज्यांच्याविषयी तीस वर्षे वाद होता, ते गृहस्थ त्या दुपारी निर्विवाद बापूकाका झाले.

निवडलेली छायाचित्रे मॅकवरून माझ्याकडे येणे बाकी होते. गिरगावातल्या चाळीत माझे बालपण गेले. तेथे वाटीभर साखर आणायला शेजारी जावे, तर दार उघडेच असे. विंडोज मात्र सोसायटीत वाढलेले आहे. घरच्या वायफायला त्याने कधी तरी 'सार्वजनिक' ठरवून टाकले होते, म्हणून माझ्याच मुलीला ते फाटकावर अडवत होते. वायफाय 'खाजगी' केले, तेव्हा फाटक उघडले. पण फोल्डर शेअर करण्याची परवानगी वेगळी आणि डिस्कवरील फायलींची परवानगी वेगळी, आणि दोहोंत जी अधिक कडक तीच खरी. वॉचमनने सोडले तरी घरमालकाने दाराची साखळी काढायला हवी. मी वॉचमनला चारदा पटवले होते. घरमालक मीच आहे, हे ध्यानात आले नव्हते.

अखेर सारे जुळले आणि म्हाताऱ्याचा पत्ता विसरू नये म्हणून त्यातला शेवटचा आकडा, ७, मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला. दुसऱ्या दिवशी वीज गेली, राउटरने पत्ते नव्याने वाटले, सगळे पुन्हा अदृश्य झाले. मी ७ खोडून ११ केले.

महिनाअखेरीस बायकोने विचारले, "अहो, बारा तारखेला आपल्याकडे अकरा लिटर दूध कोणासाठी घेतलं?" मी उत्तर जुळवेपर्यंत दूधवाला पैसे घेऊन गेलेला होता.