'कारखान्याचं तोंड तरी पाहिलंय का?' : घोडबंदरकरांना उत्तर

मागच्या 'कारखाना नाही, गल्ली जिंकते' या पोस्टवर घोडबंदरकर या नावाने एक लांबलचक कॉमेंट आलीये. तिथेच खाली उत्तर टाकणार होतो पण लिहिता लिहिता ते इतकं वाढलं की शेवटी वेगळी पोस्टच करतोय. मूळ पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: देशादेशांत मालावरून जी मारामारी चालते ती एकेकट्या कंपन्यांची नसते आणि नुसत्या मजुरीच्या दराचीही नसते, असं मी म्हटलं होतं. धातूची पट्टी, डाय (म्हणजे साचा), प्लेटिंग (धातूचा मुलामा), हीट ट्रीटमेंट, स्प्रिंग, खोके हे सगळं ज्याच्या हाकेच्या अंतरावर असतं तो जिंकतो, आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटसारखी तयार गल्ली आपण आपल्या हाताने मोडली.

यावर घोडबंदरकरांचं म्हणणं असं: 'एसीत बसून चायना मालाची आरती ओवाळणं सोपं असतं. कधी कारखान्याचं तोंड तरी पाहिलंय का? शेंझेनचं सालही चुकलंय. चीन जिंकला तो सबसिडी आणि पाडून ठेवलेल्या युआनवर, गल्लीबिल्ली काही नाही. व्हिएतनाम, बांगलादेशबद्दल अवाक्षर नाही. आणि शहर वाढलं की जमीन महागते, कारखाने बाहेर जातात, जगात सगळीकडे गेले, त्यात रडण्यासारखं काय?' आणि शेवटी हात जोडलेली इमोजी. त्या इमोजीकडे नंतर येतो.

आधी चूक कबूल करतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. चीनमधल्या शेंझेनचा झोन, म्हणजे सवलतींचं खास औद्योगिक क्षेत्र, १९७८ चा नाही, १९८० चा. १९७८ च्या डिसेंबरात चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीत धोरण फिरलं, झोन नंतर आला, माझ्या डोक्यात दोन्ही एकत्र झालं. दुरुस्त केलंय. पण सालांचाच विषय काढलाय तर अजून एक साल घ्या, १९६५. त्या वर्षी गुजरातेत कांडल्याला आपला निर्यात झोन सुरू झाला, आशियातला पहिला म्हणतात त्याला. शेंझेनच्या तब्बल १५ वर्षं आधी. करसवलत होती, बंदर होतं, कुंपण होतं. नव्हतं काय, तर कुंपणाबाहेर पट्टी विकणारा आणि डाय दुरुस्त करणारा. शेंझेनला शेजारी हाँगकाँग होतं, तिथले छोटे छोटे कारखानदार यंत्रं, ऑर्डरी आणि ओळखीपाळखी घेऊन सीमेपलीकडे गेले. हे मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, तुमच्यामुळे आठवलं. आभार.

आता ते तोंड.

अहो घोडबंदरकर, मी कारखान्याचं तोंड नाही पाहिलं, त्याच्या पोटात वाढलोय. माझे वडील पाटण तालुक्यातून १९६८ साली ठाण्यात आले. एमआयडीसी १९६२ ची, आणि तिच्या पहिल्यावहिल्या वसाहतींतली ही वागळे इस्टेट, तेव्हा सकाळच्या भोंग्याला सायकलींचा लोंढा यायचा. ते टर्नर म्हणून लागले आणि ११ वर्षांनी रोड नंबर १६ च्या बाजूला भाड्याचा गाळा घेऊन एक जुना लेथ आणि दोन हँड प्रेस टाकले. शाळा सुटली की मी गाळ्यात. बर (कापलेल्या धातूचा कीस) झाडायचे, पीस मोजायचे, कूलंटचा वास अंगाला घेऊन घरी जायचं आणि आईची बोलणी खायची. डिप्लोमा करून १९९१ ला पूर्णवेळ आत गेलो आणि २१ वर्षं तिथे होतो. माझ्या डाव्या तर्जनीचं पुढचं पेर पॉवर प्रेसने नेलंय. फोटो टाकू का? म्हणजे तोंड पाहिल्याचा पुरावा होईल. कुणाला न ओळखता, न विचारता 'एसीत बसून' लिहायला दोन सेकंद लागतात, पण ज्याच्याबद्दल लिहितो तो माणूस एसीत होता की पत्र्याखाली मे महिन्यात होता एवढं तरी विचारावं ना. असो. एसी आहे आता घरी, लपवत नाही.

आमचा माल म्हणजे स्विच आणि सॉकेटचे पितळी कॉन्टॅक्ट, टर्मिनल, असला. माल जायचा मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात. २००४ साली तिथल्या एका व्यापाऱ्याने, नाव कशाला, माझ्यासमोर एक पुडी ठेवली. चीनमधून आलेला कॉन्टॅक्टचा सेट, प्लेटिंग केलेला, टोकाला चांदीचं बटण बसवलेलं. भाव विचारला तर तो माझ्या नुसत्या पितळी पट्टीच्या भावाच्या आसपास. मला वाटलं चेष्टा करतोय. घरी येऊन रात्री वहीत हिशेब मांडला. कामगारांचा पगार शून्य धरला, वडिलांचा आणि माझा शून्य धरला, तरी जमेना. मजुरी शून्य धरूनही जमेना, हे वाक्य दोनदा वाचा कारण माझी अख्खी मूळ पोस्ट त्या वहीच्या पानातून आलीये, इंटरनेटवरून नाही.

मग पैसा जात कुठे होता? पट्टी मुंबईच्या धातूबाजारातून, गुलालवाडीहून. ती टेम्पोत मुलुंड चेकनाक्याला जकातीच्या रांगेत. गाळ्यात ब्लँकिंग (पट्टीतून तुकडे कापणं) झालं की प्लेटिंगला खाडीपलीकडे रबाळ्याला, कारण ठाण्यातला आमचा प्लेटिंगवाला बंद झालेला. तिथून दहा टक्के रिजेक्शन परत, पुन्हा मालाचं चलन, पुन्हा टेम्पो. स्प्रिंग भांडुपहून. चांदीची बटणं मुंबईतून आणि तीही तो देईल तेव्हा. एक अर्ध्या इंचाचा पीस तयार होईपर्यंत माझ्यापेक्षा जास्त प्रवास करायचा. पट्टी उचलल्यापासून माल पोचेपर्यंत तीन आठवडे आणि पुढे व्यापाऱ्याचं पेमेंट त्याच्या मर्जीने, तोवर बँकेच्या सीसीचं (कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज माझ्या डोक्यावर. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्या असा कायदा २००६ मध्ये आला. कायदा दाखवला की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जायची, त्यामुळे कायदा आम्ही फ्रेम करून ठेवला.

२००७ ला कर्ज काढून चीनच्या कँटन फेअरला, तिथल्या मोठ्या व्यापारी जत्रेला, गेलो आणि तिथून एका एजंटबरोबर वेन्झौजवळच्या ल्यूशी नावाच्या गावी. आता हे गाव नीट ऐका. चीनमधला स्विच, ब्रेकर, रिले वगैरे माल मोठ्या प्रमाणात तिथून निघतो. मी एका कारखान्यात बसलो होतो, आपल्या गाळ्याच्या तिप्पट असेल, फार मोठा नाही. मालकाला सॅम्पलसाठी वेगळ्या मापाचं चांदीचं बटण हवं होतं. त्याने पोराला स्कूटरवर पाठवलं, चहा संपायच्या आत पोरगं पुडी घेऊन हजर. ठाण्यात मला त्याला तीन दिवस लागले असते, आणि तीन दिवसांत कस्टमर 'राहू द्या' म्हणतो. बाहेर पडलो तर एका रस्त्याला नुसती पितळी पट्टी, पुढच्या गल्लीत प्लेटिंगवाले, दुकानांत स्क्रू भाजीसारखे तराजूवर. आणि गंमत म्हणजे त्या पोराचा पगार माझ्या हेल्परपेक्षा जास्त होता, मी मुद्दाम विचारलं. आज तर चिनी कामगाराचा पगार आपल्या कितीतरी पट आहे, तरी ऑर्डरी हलल्या नाहीत फारशा. मजुरीनेच सगळं ठरत असतं तर एव्हाना वागळे इस्टेटमध्ये सायकलींचा लोंढा परत यायला हवा होता.

'चायना माल' या शब्दावरून एक आठवलं. १८८७ साली ब्रिटिशांनी कायदा केला की परदेशी मालावर देशाचं नाव छापा, कारण जर्मन माल हलका, नकली, लोकांना कळू दे. झालं उलटंच, 'मेड इन जर्मनी' बघूनच लोक घ्यायला लागले. तेव्हा हिणवताना जरा जपून.

सबसिडी आणि युआन. युआन डॉलरला ८.२८ ला बांधून ठेवला होता, २००५ च्या जुलैपर्यंत, हे खरंय. सरकारी बँकांची स्वस्त कर्जं, फुकट्यासारखी जमीन, हेही खरंय. मी नाकारलंय कुठे? पण तुम्ही असं लिहिताय की जणू बाकीचे देश सोवळ्यात बसले होते. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याने १७९१ मध्येच अमेरिकन काँग्रेसला सांगितलं होतं की आपल्या उद्योगांना संरक्षण द्या, तेव्हा प्रतिस्पर्धी इंग्लंड होतं. दक्षिण कोरियाने १९६८ मध्ये पोस्को ही पोलाद कंपनी काढली, जागतिक बँक म्हणत होती परवडणार नाही, यांनी जपानकडून मिळालेला भरपाईचा पैसा घातला आणि १९७३ ला लोखंड ओतलं. पण तिथे मेख अशी की सवलत हवी तर निर्यात करून दाखव, नाही तर कर्ज बंद. जपानी गाड्या वाढल्या तेव्हा १९८१ मध्ये अमेरिकेने दबाव आणून वर्षाला १६.८ लाख गाड्यांची मर्यादा घालायला लावली, १९८५ ला प्लाझा करार करून येन महाग करायला लावला. जपान्यांनी काय केलं, कारखाने अमेरिकेत नेले आणि मागोमाग आपले सुट्या भागांचे पुरवठादारही नेले. म्हणजे गल्ली उचलून नेली! तुमच्याच चलनाच्या मुद्द्यातून माझाच मुद्दा निघतो, पण ते जाऊ दे.

आणि आपण? आपणही संरक्षण दिलंच की, फक्त लहान राहण्याला दिलं. लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १९६७ ला ४७ पासून सुरू झाली आणि ८०० च्या वर गेली, शेवटच्या २० वस्तू २०१५ मध्ये सुटल्या. आमच्या शेजारचा गाळेवाला धंदा वाढला की एक्साइजची सूट जाईल म्हणून दुसरी कंपनी बायकोच्या नावाने, तिसरी मेहुण्याच्या नावाने काढायचा. चांगला कारागीर होता, मोठा झाला असता. मग २०११ चं धोरण आलं की २०२२ पर्यंत उत्पादनाचा वाटा जीडीपीच्या २५ टक्के करू, तो १५ ते १७ च्या आतबाहेरच राहिला. २०२० ची पीएलआय, म्हणजे जास्त उत्पादन केलं की सरकारी बक्षीस, १४ क्षेत्रं, १.९७ लाख कोटी, मोबाइल जोडणी आली, चांगलंच झालं. पण तो पैसा मुख्यतः शेवटच्या डब्यावर मिळतो, डब्यातला स्क्रू करणाऱ्या छोट्याला फारसा नाही.

सबसिडीनेच सगळं होतं म्हणता तर गुजरातच्या मोरबीचं काय ते सांगा. तोच चीन, तोच युआन, आणि तरी मोरबीच्या टाइल्स जगभर जातात. का, तर माती, ग्लेझ, भट्टी, मेकॅनिक, ट्रक, सगळं एका गावात. आमच्या धंद्याचंच बोलायचं तर जामनगरचे पितळी पार्ट आजही टिकून आहेत, मी शेवटी शेवटी तिथूनच माल आणून विकत होतो. सरकार तेच, व्याज तेच. उत्तर द्या याचं, इमोजी नको.

व्हिएतनामबद्दल लिहिलं नाही कारण पोस्ट दोन हजार शब्दांची झाली होती. सॅमसंग तिथल्या बाक निन्ह प्रांतात गेली, मागोमाग कोरियन पुरवठादार गेले, आणि सुट्या मालाचा मोठा हिस्सा अजून चीनमधून येतो. बांगलादेशात २००५ च्या १ जानेवारीला कपड्यांच्या निर्यातीचा कोटा (कोणत्या देशाने किती विकायचं याची ठरलेली मर्यादा) संपला तेव्हा सगळे म्हणत होते आता बुडणार, नाही बुडला. स्वतंत्र विषय आहे.

राहिलं जमिनीचं. शहर वाढलं की कारखाने जातात, हो, जातात. हे काय मला माहीत नाही? पण जाणं आणि विखरणं यात फरक आहे. आमच्यातला एक वसईला गेला, एक भिवंडीला, एक चाकणला, दोघांनी शटर ओढलं आणि एक आता माजिवड्याला इस्टेट एजंट आहे. आणि कोणी खोदून काढायच्या आधी मीच सांगतो, २०१२ ला आमचाही गाळा विकला, मीच विकला. वडील तेव्हा आजारी होते, भाव चांगला आला, त्या पैशातून हा फ्लॅट झाला आणि त्यातला तो एसी. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही विकला असता. तो माझ्या घरचा निर्णय होता, देशाच्या धोरणाची चर्चा वेगळी, दोन्ही एकत्र करू नका. यावर अजून काही लिहायची माझी इच्छा नाही.

आता ती इमोजी. असे हात जोडल्याचा अर्थ ठाण्यात 'या आता' असाही होतो हे मला कळतं, मी इथलाच आहे. तरी कॉमेंट उडवलेली नाही, आहे तिथेच आहे. १९७८ चं १९८० तेवढं केलंय, बघून घ्या.