‘शेवटची २० मिनिटं रेकॉर्डच केली नाहीत’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट्स तुम्ही आमच्याकडे डिजिटाइज करायला दिल्या होत्या. तुमची तक्रार अशी की एका कॅसेटच्या बी साइडची शेवटची २० मिनिटं आम्ही घेतलीच नाहीत, ‘चेकसम’च्या (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासायच्या आकड्याच्या) नावाखाली ३५० रुपये उकळले, आणि आयटीतल्या तुमच्या भाच्याने तो चेकसम तपासला तर एकही जुळला नाही, म्हणजे आमची यादीच बनावट. उत्तर थोडं लांबणार आहे, तेवढं वाचून घ्या.

उत्तररंगात आख्यान ऐन भरात असताना आवाज तुटला की काय वाटतं, ते आम्हाला कळतं. पण परवा तुम्ही पाठवलेली ती फाइल आम्ही उघडून बघितली. २५व्या मिनिटानंतर तिच्यात नुसती शून्यं आहेत. कोरी कॅसेट वाजवली तरी टेपची खरखर येते. टेप संपून डेक थांबला, तरी केबलमधली बारीक गुणगुण मशीन पकडतंच. संपूर्ण निःशब्द असं कॅसेटवरून काही उतरत नाही. अशी शून्यं बहुतेक वेळा कॉपी मध्येच तुटली की दिसतात. तुम्हीच लिहिलंय की आम्ही दिलेली डिस्क भाऊ नाशिकला घेऊन गेले आणि तुमच्याकडे आहे ती नव्या डिस्कवर घेतलेली प्रत.

भाचा म्हणतो, दोन्हीकडे फाइलचा साइझ तोच दिसतो, मग फाइल वेगळी कशी? विंडोज कॉपी सुरू करताना फाइलची पूर्ण जागा आधीच धरून ठेवतं आणि मग ती भरत जातं. मध्येच वायर हलली की नाव राहतं, दीड जीबीचा आकडाही राहू शकतो, फक्त आतला माल अर्धा. पोत्याचं वजन भरलं म्हणून आत तांदूळच आहे असं कोणी धरत नाही ना? म्हणूनच आम्ही साइझवर विसंबत नाही, चेकसम काढतो. फाइलमधला प्रत्येक बिट वाचून त्यावरून ६४ अक्षरांची एक ओळ तयार होते. एक बिट जरी बदलला तरी ती सगळी ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते.

आता भाच्याला एकही का जुळला नाही ते. त्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधल्या ओळी ४० अक्षरांच्या आहेत, आमच्या यादीतल्या ६४. चेकसम काढायच्या पद्धती अनेक आहेत. विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडला पद्धत सांगितली नाही तर ती एसएचए-१ या जुन्या पद्धतीने काढून देते. आमची यादी एसएचए-२५६ ची आहे, फोल्डरमधल्या मॅनिफेस्ट (म्हणजे चेकसमच्या यादीच्या) फाइलच्या नावातच तसं लिहिलंय. दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे जुळायचे कसे? कमांडच्या शेवटी एसएचए२५६ लिहा, किंवा विंडोजच्याच पॉवरशेलमधली गेट-फाइलहॅश ही कमांड वापरा, ती न सांगताही तीच पद्धत वापरते. तिथे अक्षरं कॅपिटल दिसतील, त्याने फरक पडत नाही. एसएचए-१ आम्ही का देत नाही, तर २०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या संशोधकांनी दोन वेगळ्या पीडीएफचा एसएचए-१ एकच येतो हे करून दाखवलं. डिस्क खराब झाली का एवढंच बघायचं तर एमडी५ ही आणखी जुनी पद्धतसुद्धा चालली असती. पण उद्या वाद झालाच, तर पद्धतीवर बोट ठेवायला कोणाला जागा नको. आणि फाइल आणि त्यांच्या चेकसमची यादी एकत्र ठेवायची फोल्डरची ही रचना आमच्या डोक्यातून आलेली नाही. तिला बॅगइट म्हणतात. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीने ती घडवली आणि २०१८ मध्ये ती इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ८४९३ म्हणून प्रसिद्ध झाली.

नीट तपासल्यावरही काही एमपी३ जुळणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर दुसरा रिव्ह्यू यायचा! मोबाइलसाठी दिलेल्या त्या फाइल तुम्ही कॉम्प्युटरवर म्युझिक ॲपमध्ये घेतल्यात आणि बुवांचा फोटो कव्हरला लावलात, असं तुमच्याच मेसेजमध्ये आहे. (फोटो छान आहे.) तो फोटो फाइलच्या आतच लिहिला जातो, त्यामुळे चेकसम बदलतो, आवाजाला मात्र धक्का लागत नाही. नुसतं फाइलचं नाव बदललं असतं तर चेकसम तोच राहिला असता. काळजी करायची ती वेव्ह फाइलची. त्याच तुमच्या मूळ प्रती, त्यांच्यात कोणतंही ॲप घुसू देऊ नका.

३५० रुपये आम्ही परत करणार नाही. ते नुसत्या यादीचे नाहीतच. रेकॉर्डिंग झाल्यावर चेकसम निघतो. डिस्कवर कॉपी केल्यावर डिस्क काढून, पुन्हा जोडून, सगळी फाइल तिच्यावरून परत वाचतो. न काढता वाचलं तर कॉम्प्युटर कधीकधी मेमरीतलीच प्रत दाखवून मोकळा होतो आणि तपासणी फुकट जाते. शिवाय वर्षभर एक प्रत आमच्याकडे राहते, तीही अधूनमधून तपासली जाते. तुमच्या त्या बी साइडची आमच्याकडची प्रत काल पुन्हा तपासली: ४५ मिनिटं, आरतीसकट, आणि चेकसम तुमच्याकडच्या यादीशी अक्षरन् अक्षर जुळतो. माझ्या शब्दावर जाऊ नका. भाच्याला डिस्क घेऊन दुकानात पाठवा, त्याच्या लॅपटॉपवर त्यानेच काढून बघावा.

हीच चेकसमची यादी उद्या आमच्या विरोधातही उभी राहू शकते, हेही लक्षात घ्या. नाशिकच्या डिस्कवरची फाइल कोणी हात न लावता आमच्या यादीशी जुळली आणि तरीही तिच्यात २० मिनिटं नसली, तर चूक सरळ आमची ठरेल, पळवाट नाही. म्हणून आधी तीच तपासायला भावाला सांगा.

चेकसम बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. दुरुस्तीला दुसरी चांगली प्रतच लागते, आणि तुमच्या नशिबाने ती सध्या दोन ठिकाणी असायला हवी. नवी डिस्क घेऊन या, सगळा फोल्डर पुन्हा कॉपी करून तुमच्यासमोर तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत. आमच्याकडची प्रत बिलावर लिहिल्याप्रमाणे दिवाळीनंतर डिलीट होईल, त्याआधी या. सोमवारी दुकान बंद असतं.