घड्याळावर कॉर्नरबॅक ठरत नाही

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी कॉलेजचे खेळाडू निवडणं, जवळ आला की चाहत्यांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: चांगला कॉर्नरबॅक ओळखायला चार गोष्टी पुरेत. चाळीस यार्ड ४.४० सेकंदांच्या आत, कॉलेजात भरपूर इंटरसेप्शन (समोरच्या संघाचा पास मध्येच झेलणं), ३१ इंचांहून लांब हात आणि पहिल्या फेरीच्या यादीत नाव. यातली एक जरी कमी पडली तरी त्या खेळाडूवर काट मारा.

पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला चिकटून राहायचं आणि त्याला झेल घेऊ द्यायचा नाही, हे कॉर्नरबॅकचं काम. मैदानावरचं हे सगळ्यात एकाकी काम आहे असं मला वाटतं, कारण इथली चूक झाकायला मागे बहुतेक वेळा कोणीच नसतं. असा खेळाडू चार आकड्यांत बसवायचा म्हणजे खेळ न बघताच निकाल देण्यासारखं आहे.

आधी वेगाचं बघू. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणीत, चाळीस यार्ड सरळ रेषेत, समोर बघत धावायचे असतात. सामन्यात कॉर्नरबॅक सुरुवातच बहुधा उलट्या पावलांनी करतो. रिसीव्हर कुठे वळणार हे त्याला ठाऊक नसतं. तो वळला की कंबर फिरवायची, पावलं न अडखळता दिशा बदलायची आणि मग धावायचं. हे सगळं अडीच-तीन सेकंदांत, कारण तेवढ्यात पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या हातून चेंडू सुटलेला असतो. कंबर फिरवताना एक पाऊल वाया गेलं तर ४.३५ चा वेगही ते भरून काढत नाही.

२०१४ मध्ये क्लीव्हलँडने जस्टिन गिल्बर्टला आठव्या क्रमांकावर घेतलं. त्याची वेळ होती ४.३७. दोन मोसम संपले आणि क्लीव्हलँडने त्याला दुसऱ्या संघाकडे देऊन टाकलं. त्याच ड्राफ्टमध्ये माल्कम बटलरला कोणीच निवडलं नव्हतं. १ फेब्रुवारी २०१५ ला सुपर बोल या अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटात गोल रेषेपासून एका यार्डावर त्याने सिएटलचा पास मध्येच झेलला आणि न्यू इंग्लंड जिंकलं. सरावात ह्याच चालीवर तो उशिरा पोचला होता. त्यामुळे रिसीव्हरांची मांडणी दिसताच त्याने काय येणार ते ओळखलं आणि चेंडू सुटता सुटता झेप घेतली. ही ओळख कोणत्या घड्याळात मोजणार?

जोश नॉर्मन कम्बाइनमध्ये ४.६६ धावला होता, जो हेडन ४.५७. या मजकुराच्या हिशोबात दोघेही बाद. नॉर्मन २०१५ मध्ये ऑल-प्रो झाला, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघात निवडला गेला. हेडनला क्लीव्हलँडने २०१० मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलं आणि पुढे तीनदा त्याची प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली.

वेग बिनकामाचा आहे असं मी म्हणत नाही. रिसीव्हर पुढे निसटला तर गाठायला वेगच लागतो, आणि ४.७ वाल्याला बाहेरच्या बाजूला एकटं उभं करायला कोणताही प्रशिक्षक कचरेल. पण २०२२ चं कम्बाइन आठवा. केलॉन बार्न्स ४.२३ आणि तारिक वूलन ४.२६. पहिल्याला कॅरोलायनाने सातव्या फेरीत घेऊन मोसम सुरू होण्याआधीच सोडलं. दुसऱ्याने पहिल्याच वर्षी सिएटलकडून ६ इंटरसेप्शन घेतले आणि त्या मोसमातल्या सर्वाधिक आकड्याशी बरोबरी केली. घड्याळाने दोघांना जवळजवळ सारखंच ठरवलं होतं.

इंटरसेप्शनचा मुद्दा तर मला सगळ्यात जास्त खटकतो. चेंडू मध्येच झेलायला आधी तो तुमच्या दिशेने यावा लागतो. ऑकलंडच्या नामदी असोमुघाने २००६ मध्ये ८ इंटरसेप्शन घेतले. त्यानंतर तीन वर्षं दर मोसमात फक्त एक, आणि २०१० मध्ये शून्य. तो बिघडला नव्हता, क्वार्टरबॅक त्याच्या बाजूला चेंडू फेकायलाच धजेनात. त्या २०१० च्या ऑल-प्रो पहिल्या संघातले दोन कॉर्नरबॅक म्हणजे असोमुघा आणि डॅरेल रीव्हिस. दोघांचे मिळून इंटरसेप्शन: शून्य.

कॉलेजातही हेच. डेरेक स्टिंगलीने एलएसयू या कॉलेज संघाकडून २०१९ मध्ये ६ घेतले, पुढच्या दोन दुखापतीने तुटलेल्या मोसमांत एकही नाही. तरी ह्यूस्टनने त्याला २०२२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि २०२४ मध्ये तो ऑल-प्रो झाला. म्हणून आकडा बघण्याआधी विचारावं की त्याच्याकडे चेंडू किती वेळा आला आणि आला तेव्हा तो रिसीव्हरच्या किती जवळ होता.

हातांच्या लांबीबद्दल थोडक्यात. चाल सुरू होते त्या रेषेवरच रिसीव्हरला धक्का देऊन रोखायची ज्यांची पद्धत आहे, त्यांना लांब हात हवेतच, आणि प्रशिक्षक पीट कॅरोलच्या सिएटलने ते आवर्जून शोधले. पण ट्रेंट मॅकडफीचे हात तीस इंचांचेही नाहीत. कॅन्सस सिटीने त्याला स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोर, खेळवलं आणि २०२३ मध्ये तो ऑल-प्रो झाला. म्हणजे संघ कसा खेळतो हे कळल्याशिवाय लांबीला अर्थ नाही.

पहिल्या फेरीत चांगला खेळाडू मिळायची शक्यता जास्त असते, हे मान्य. पण नॉर्मन पाचव्या फेरीतला. २०२३ मध्ये पाच इंटरसेप्शन थेट टचडाउनपर्यंत नेऊन विक्रम करणारा डॅरॉन ब्लँडही पाचव्याच फेरीतला. रिचर्ड शर्मन २०११ मध्ये १५४ वा, वूलन २०२२ मध्ये १५३ वा, दोघेही सिएटलकडे, दोघेही कॉलेजात आधी रिसीव्हर. शर्मनची वेळ साडेचार सेकंदांच्या वरची होती.

आणि जे या मजकुरात मुळीच नाही, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: कॉलेजचे नियमच वेगळे आहेत. एनएफएलमध्ये चाल सुरू होते त्या रेषेपासून पाच यार्डांपुढे रिसीव्हरला अडवलं की पंचांचा पिवळा रुमाल पडतो, म्हणजे दंड. कॉलेजात ही पाच यार्डांची मर्यादा नाही. पास इंटरफिअरन्सला (चेंडू हवेत असताना रिसीव्हरला अडवणं) कॉलेजात जास्तीत जास्त १५ यार्डांचा दंड, एनएफएलमध्ये मात्र जिथे चूक झाली तिथेच चेंडू, मग तो चाळीस यार्ड पुढे का असेना. म्हणून मी कॉलेजचा सामना बघताना चेंडू सोडून कॉर्नरबॅकच्या हातांकडे बघतो. रिसीव्हर वळताना याने जर्सी धरली का? धरली तर कितव्या यार्डावर? चेंडू येताना त्याची मान वळली, की तो रिसीव्हरच्या पाठीवर आदळला? ज्याला दर चालीत धरावंच लागतं, त्याची ४.३६ वेळ मी वहीत लिहीतसुद्धा नाही.